धूर मागे, आपण पुढे

मोटारगाडीचा सर्वांत दुर्लक्षित अवयव कोणता, असे कुणी विचारले तर मी सायलेन्सरचे नाव घेईन. आणि सायलेन्सर म्हणताना इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत धूर वाहून नेणारी सगळी नळी त्यात धरीन. इंजिन बिघडले की गाडी चालत नाही. ब्रेक बिघडला की जीव घाबरतो. बॅटरी उतरली की सकाळी सकाळी शेजाऱ्यांना ढकलायला बोलवावे लागते. सायलेन्सर कुजला तर ह्यांपैकी काहीच होत नाही. गाडी चालतच राहते. फक्त थोडी खोकते, थोडी गुरगुरते. धूर मागे जातो, आपण पुढे जातो, आणि मागच्या स्कूटरवाल्याने नाकाला रुमाल लावला तर तो आपल्याला आरशात दिसतोच असे नाही.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. ज्याला जुनी गाडी बाळगायची हौस आहे, त्याने तिच्या धुराची वाट स्वतः ओळखली पाहिजे, आणि एकदा तरी ती घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने बदलली पाहिजे. पैसे वाचावेत म्हणून नव्हे. पैसे फारसे वाचत नाहीत. पण ती नळी कुठून कुठे जाते, कशावर लटकते आणि कुठे कुजते हे ज्याने एकदा गाडीखाली उताणे पडून पाहिले, तो पुढे 'अजून चार महिने चालेल की' असे सहजासहजी म्हणत नाही.

मी ह्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ही दोन विधाने एका दमात केली की स्टाफरूममध्ये हशा पिकतो. आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ही गाडी जुन्या हिंदी चित्रपटांतच पाहिली असेल, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. इटलीच्या फियाट कंपनीची '११०० डी' ही गाडी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होऊ लागली. सत्तरीच्या दशकात तिचे नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे सबंध देशाला ओळखीचा झालेला चेहरा. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ह्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. तो आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला आणि मग हळूहळू इतरत्र पसरला. तेव्हा पद्मिनीच्या इंजिनातून जे निघते ते कुठलाही संस्कार न होता जसेच्या तसे बाहेर पडते. वाटेत ते कुठे पडते, हा सगळा प्रश्न आहे.

सायलेन्सर का कुजतो, ह्याबद्दल लोकांच्या कल्पना गमतीच्या असतात. बहुतेकांना वाटते, रस्त्यावरचे पाणी आणि चिखल उडून तो बाहेरून गंजतो. बेळगावचा पाऊस पाहता ते अगदीच खोटे नाही. पण मुख्य शत्रू आत असतो. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते जळले की हायड्रोजनचे पाणी होते. किती? एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हे गणित मी फळ्यावर मांडतो तेव्हा मुले ते वहीत उतरवून घेतात, विश्वास मात्र ठेवत नाहीत. हे पाणी वाफ होऊन नळीतून जाते. नळी तापलेली असेल तर ते वाफच राहून बाहेर पडते. नळी गार असेल तर आतल्या पत्र्यावर त्याचे थेंब जमतात, आणि धुरातली आम्ले त्यात विरघळतात. गंजायला आणखी काय हवे?

आता आपल्या गाड्या कशा फिरतात ते पाहा. टिळकवाडीतून कॅम्प, कॅम्पमधून कॉलेज, कॉलेजमधून भाजी घेऊन घरी. एकेक फेरी दोन-तीन किलोमीटरांची. एवढ्यात मागचा डबा धड तापतही नाही. पाणी आत साचते, रात्रभर तिथेच राहते, दुसऱ्या दिवशी त्यात भर पडते. दर महिन्याला निपाणीपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर बाजाराच्या गाडीपेक्षा जास्त टिकतो, त्याचे कारण हे. म्हणून 'आमची गाडी फार वापरलेली नाही हो' हे विकणाऱ्याचे लाडके वाक्य निदान सायलेन्सरपुरते तरी तारीफ समजू नये.

अनेक सायलेन्सरांच्या डब्याला खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. साचलेले पाणी ठिबकून जावे म्हणून कारखान्यानेच ते ठेवलेले असते. ते पाहून 'अरेच्चा, सायलेन्सर फुटला' म्हणत वेल्डिंगचा ठिपका मारून घेणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांत एक अभियंता होता.

इथपर्यंत गोष्ट पत्र्याची झाली. पत्रा गेला तर गेला, दुसरा मिळतो. पण त्या नळीतून जाणाऱ्या वायूंत एक असा आहे की त्याला रंग नाही आणि वास नाही. कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा ह्याची ओढ दोनशे पटींहून अधिक. जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला पीयूसीच्या तपासणीत शंभरात तीन भागांपर्यंत हा वायू चालतो. आणि श्वासाच्या हवेत शंभरात एक भाग जरी तो असला तरी माणूस काही मिनिटांत दगावतो. नळी शाबूत असेल तर हा वायू मागच्या बंपरच्या पलीकडे मोकळ्या हवेत पडून विरून जातो. नळी पुढच्या सांध्याशी फुटली असेल तर तो पेडलच्या भोकांतून, गिअरच्या रबराच्या चिरेतून, तळाच्या कुजलेल्या पत्र्यातून आत येतो. पावसाळ्यात आपण काचा लावून बसतो. मागच्या सीटवर मुले पेंगतात, एखादे म्हणते डोके दुखते, एखाद्याला मळमळते. 'हिला घाटात गाडी लागते' म्हणून आपण तिच्या तोंडात आवळासुपारी देतो. असेल, घाटात गाडी लागतेही. पण चोर्ल्याच्या वळणांना दोष देण्यापूर्वी एकदा खाली वाकून नळीचे सांधे पाहायला हरकत नसावी. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तिथून धूर फुटतो आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डजवळ टिक-टिक ऐकू येत असेल आणि गाडी तापल्यावर ती कमी होत असेल, तर तिथले पॅकिंग गेले आहे. लोखंड तापून फुगते व फट बुजते, म्हणून आवाज मिटतो. आवाज मिटला म्हणजे दोष मिटला, असा समज मात्र करून घेऊ नये.

गॅरेजमध्ये गेले की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मिस्त्री खाली डोकावतो आणि म्हणतो, "सर, तार मारून देतो की. पावसाळा काढतंय बघा आरामात." त्याचा दोष नाही. त्याला ठाऊक असते की आपण खर्चाला नाही म्हणणार. बहुतेक गिऱ्हाइकांना तारच हवी असते. पण ती तार काय करते? इंजिन रबराच्या बैठकीवर बसलेले असते, सुरू होताना आणि बंद होताना ते डुलते. त्याला जोडलेल्या नळीनेही त्याच्याबरोबर डुलले पाहिजे, म्हणून ती रबरांवर लटकवलेली असते. एक रबर तुटले आणि त्याच्या जागी बाइंडिंगची तार आवळली की नळी एका टोकाला इंजिनाबरोबर हलते आणि दुसऱ्या टोकाला गाडीला जखडलेली राहते. मग ती मधे कुठेतरी मोडते, बहुधा सगळ्यात महाग जागी. पाच-पन्नास रुपयांच्या रबराऐवजी मॅनिफोल्डची तडजोड, असा हा व्यवहार. पाण्याची टाकी बुजवायची लांबी मळून सायलेन्सरच्या भोकाला लावणारेही भेटतात. ती त्या उष्णतेपुढे किती टिकणार?

आता कामाकडे वळतो. ते अवघड नाही, पण घाईचे नाही. दोन रविवार राखून ठेवा.

पहिली गोष्ट जागेची. सपाट, टणक, उघडी जागा हवी. बंद गॅरेजात इंजिन सुरू करायचेच नाही. गाडी आदल्या दिवसापासून उभी असावी, कारण मॅनिफोल्ड तासन्‌तास गरम राहतो. गाडी जॅकने उचलावी, पण जॅकवर ठेवू नये. उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा. घोड्या नसतील तर भाड्याने आणा, मागून आणा, नाहीतर त्या दिवशी काम करू नका. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे ह्यांच्यावर गाडी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती जीवघेणी आहे. वीट वजन पेलते, पेलते आणि एका क्षणी फुटते. आधी सूचना देत नाही. अंगावर हजारभर किलोचे लोखंड घेऊन पडलेल्या माणसाला भौतिकशास्त्र वाचवत नाही. घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगून खाली जावे. डोळ्यांना चष्मा हवा. गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांतच पडतात.

आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. दुकानात त्याचे डबे मिळतात. नट सुटू लागला म्हणजे तो आनंदाने गरागरा फिरवू नये. थोडा सोडावा, किंचित परत आवळावा, तेल घालावे, पुन्हा थोडा सोडावा. इथे एक भेद लक्षात घ्यावा. मागच्या क्लॅम्पचे बोल्ट गंजून एकजीव झाले असतील तर त्यांच्यावर वेळ घालवू नये. करवतीने कापून टाकावेत, नवा क्लॅम्प स्वस्त मिळतो. पण मॅनिफोल्डला नळी जिथे जोडलेली असते तिथले स्टड बिडाच्या लोखंडात रुतलेले असतात. त्यांच्याशी अत्यंत आदराने वागावे. स्टड आत मोडला की रविवारचे काम संपले आणि ड्रिलवाल्याचे सुरू झाले. हाताला नट 'मऊ' लागू लागला, म्हणजे फिरतो आहे पण सुटत नाही असे वाटले, की थांबावे. हे मऊपण पुस्तकात लिहून कळत नाही. ते मनगटाला कळते. आमच्या प्रयोगशाळेत मुले स्क्रू गेजने तारेची जाडी शतांश मिलिमीटरपर्यंत मोजतात, पण बोल्ट मोडण्याच्या आधी काय सांगतो ते बहुतेकांनी कधी ऐकलेले नसते. बेळगावसारख्या गावात, जिथे उद्यमबागेत फौंड्र्या आणि लेथ दिवसरात्र चालतात, तिथल्या विद्यार्थ्यांबद्दल हे लिहावे लागते ह्याचे मला वाईट वाटते.

जुनी नळी काढताना शक्यतो तिचा आकार बिघडवू नये. ती अंगणात ठेवावी आणि तिच्या शेजारी नवी मांडावी. लांबी, वाक, तोंडाचा व्यास, लटकवायच्या कड्यांची जागा, सगळे पडताळून पाहावे. कारखाना बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला आहे. आता पद्मिनीचा म्हणून जो सायलेन्सर मिळतो तो कुठल्यातरी लहान कारखान्यात पत्रा वळवून केलेला असतो. त्यात चांगलाही मिळतो, पण निवडावा लागतो. हातात घेऊन वजन पाहावे, कारण काळा रंग जाड पत्र्यालाही असतो आणि पातळ पत्र्यालाही. हलवून पाहावा, आत काही खुळखुळत असेल तर दुकानातच ठेवून यावा. अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा मिळाला तर चार पैसे जास्त द्यावेत. आणि शेवटची नळी आखूड देतात, तिकडे लक्ष ठेवावे. ती बॉडीच्या बाहेर आली पाहिजे. बंपरच्या आतच संपली तर धूर गाडीखाली फिरत राहतो आणि डिकीच्या फटींतून वर येतो.

सांध्याचे पॅकिंग नेहमी नवे घालावे. जुने खरवडताना एक खबरदारी: पूर्वीच्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ते कोरडे घासून त्याची धूळ नाकात घेऊ नये. पाण्याने चिंब भिजवून, हळूच सोलून, ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावे. मिस्त्री हे पाळत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलेच नाही.

जोडणीची खरी युक्ती एकच आहे आणि ती न पाळल्यामुळेच घरची कामे फसतात. आधी काहीही आवळू नये. पुढच्या सांध्यापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळे भाग सैलच जोडावेत, सगळी रबरे चढवावीत, आणि मग खाली पडून प्रत्येक ठिकाणी बोट घालून पाहावे. नळी आणि गाडीचा तळ, नळी आणि प्रोपेलर शाफ्ट, नळी आणि ब्रेकची बारीक पाइप, नळी आणि हँडब्रेकची केबल, ह्या प्रत्येकात निदान बोटभर जागा हवी. मागच्या चाकांनी चालणाऱ्या जुन्या गाड्यांत शेवटची नळी अ‍ॅक्सलजवळून वळसा घेऊन जाते. गाडी खड्ड्यात आदळली की अ‍ॅक्सल वर येतो, त्याचाही हिशेब तिथे ठेवावा लागतो. सगळी जागा मनासारखी झाली म्हणजे पुढून मागे आवळत यावे. ज्याने पहिला सांधा आधीच करकचून आवळला, त्याची नळी मागे कुठेतरी घासणारच. मग तो मागून ओढतो, आणि पुढचा सांधा ताणावर राहतो. मॅनिफोल्डकडचे नट एका बाजूने पूर्ण आवळून दुसऱ्या बाजूला जाऊ नये. आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. इथे पितळी नट मिळाले तर अवश्य घालावेत. पोलादी स्टडवर पितळ गंजून चिकटत नाही, आणि दहा वर्षांनी जो कुणी ते सोडवील तो तुम्हाला दुवा देईल.

गाडी सुरू केल्यावर सुरुवातीला थोडा धूर येईल; तो तेलाचा आणि नव्या रंगाचा. घाबरू नये, पण त्यात उभेही राहू नये. जाड ओले फडके मागच्या तोंडाशी क्षणभर धरावे, म्हणजे फट राहिली असेल तिथून फुसफुस ऐकू येते. थंड असतानाच सांध्यांवर साबणाचे पाणी लावले तर बुडबुडेही दिसतात. मग गाडी फिरवून आणावी, रात्रभर गार होऊ द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा एकदा पाहावेत. तापून-निवून ते थोडे सैल होतातच.

आता घरी काय करू नये. वेल्डिंग करू नये. पेट्रोलची टाकी आणि शेवटची नळी ह्यांच्यात अंतर फार नसते, आणि विजेचा झोत बॅटरीतून कुठे जाईल ह्याचा नेम नाही. मोडलेला स्टड, तडकलेला मॅनिफोल्ड, नवा वाक द्यायचा असलेली नळी ही मिस्त्रीची कामे आहेत. माझे एक सहकारी म्हणतात, सगळेच मिस्त्रीकडे द्या, त्याचे पोट त्यावर चालते. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. परंतु माझा अनुभव असा की गाडीखाली जाऊन आलेला मालक मिस्त्रीला जास्त काम देतो, कारण त्याला कोणते काम खरे आणि कोणते वरवरचे हे कळते. आणि घासाघीसही कमी करतो, कारण त्या कामात कंबर कशी मोडते ते त्याने भोगलेले असते. शिवाय बोलायला विषय मिळतो. माझा मिस्त्री हाताखालच्या पोराशी कन्नडमध्ये बोलतो, पार्टवाल्याशी हिंदीत, माझ्याशी मराठीत; पण सायलेन्सर, पॅकिंग, बेंड, क्लॅम्प हे शब्द तिन्ही भाषांत तेच. धुराला तो 'होगे' म्हणतो. ह्या अंकाच्या दोन्ही विभागांचे वाचक एका गाडीखाली झोपले तर दुभाष्याची गरज पडू नये.

दुचाकीवाल्या विद्यार्थ्यांना वाटत असेल, हे सगळे मोटारवाल्यांचे आहे. त्यांच्यासाठीही चार ओळी. सायलेन्सर काढून किंवा आतली जाळी फोडून कॉलेजच्या फाटकातून फटफट करीत येण्यात पराक्रम आहे असे काहींना वाटते. 'पिकअप वाढतो, सर' हे त्यांचे शास्त्र. सायलेन्सरमुळे इंजिनाची थोडीशी शक्ती खर्ची पडते हे खरे आहे. पण साध्या इंजिनावरून तो काढला की वाढतो तो मुख्यतः आवाज. आणि कार्बोरेटरच्या इंजिनात हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते ते वेगळेच. आतल्या सच्छिद्र नळ्या आणि कप्पे कुणी रिकाम्या वेळी भरलेले नाहीत. धुराचे धक्के त्यांच्यात फुगतात, परततात आणि एकमेकांना मारून मंदावतात. ध्वनिलहरींचा हा धडा तुमच्या अभ्यासक्रमात आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शिक्षणसंस्थेभोवतीचा शंभर मीटरांचा परिसर शांतताक्षेत्र म्हणून धरता येतो, जिथे मर्यादा दिवसा ५० डेसिबलची आहे. जाता जाता एक गंमत: हायरम मॅक्सिम ह्यांनी १८८० च्या दशकात मशीनगन काढली, आणि १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले ते त्यांच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने. पुढे त्याने तीच विद्या इंजिनांच्या धुराला लावली. बापाने केलेला आवाज मुलाने मिटवला. आमच्या कॉलेजात बहुधा उलटे चालू आहे.

राहता राहिला जुनी गाडी ठेवावी की नाही हा प्रश्न. सरकारचे मत दिवसेंदिवस स्पष्ट होत गेले आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. जुन्या गाड्यांच्या प्रेमिकांत ह्यावर फार हळहळ होते. मीही त्यांच्यातलाच, पण त्यांच्या हळहळीत मी मनापासून सामील होऊ शकत नाही. मेळाव्यांत मी अशा गाड्या पाहिल्या आहेत की ज्यांच्या क्रोमच्या बंपरमध्ये चेहरा दिसावा, आणि खाली सायलेन्सर तारेने बांधलेला. पीयूसीचा कागद त्यांच्याही काचेमागे असतो. आता फुटक्या नळीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धूर पातळ होतो, त्यामुळे यंत्राला कार्बन मोनॉक्साइड कमी दिसू शकतो. म्हणजे नळी जितकी वाईट तितका आकडा चांगला! असला कागद खिशात ठेवून 'आमचा वारसा जपा' म्हणणे मला पटत नाही. नवी गाडी धुरावर आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त संस्कार करून तो बाहेर सोडते. तिच्या शेजारून आपली गाडी चालवायची तर निदान जे निघते ते सांगितलेल्या वाटेने निघावे, सांगितलेल्या प्रमाणात निघावे, आणि ते आपण स्वतः वाकून पाहिलेले असावे.

माझ्या जुन्या सायलेन्सरचा डबा गेल्या वर्षी उभा कापून मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. आतले कप्पे, छिद्रांची नळी, खालच्या बाजूला गंजाने चाळणी झालेला पत्रा आणि वरच्या बाजूला जवळजवळ नवाकोरा राहिलेला पत्रा, सगळे त्यात दिसते. पाणी कुठपर्यंत साचत होते त्याची रेघही स्पष्ट आहे. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीही यावे. शनिवारी दुपारी दोननंतर मी तिथे असतो. कडा धारदार आहेत, तेवढा हात जपून लावावा.